दुसऱ्याने लावलेलं सेटिंग

वीजक्षेत्रातल्या मंडळींमध्ये एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे. दुसऱ्या इंजिनिअरने लावलेलं रिलेचं सेटिंग आपण बदलावं की बदलू नये? बाहेरच्या माणसाला हा वाद अगदीच क्षुल्लक वाटेल. एक आकडा होता, तो बदलून दुसरा केला, एवढंच ना? पण या एवढ्याशा गोष्टीवर चहाच्या टपरीवर लोकांचे आवाज चढलेले मी ऐकले आहेत. आणि जसजसा मी या विषयाच्या इतिहासात शिरत गेलो तसतसं मला वाटायला लागलं की हा वाद विजेचा कमी आणि माणसाने माणसाच्या कामाशी कसं वागावं याचा जास्त आहे.

आधी रिले म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. (ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं.) घरातल्या एमसीबीचं काम कोणतं? करंट प्रमाणाबाहेर गेला की खाली पडायचं. उपकेंद्रात हेच काम दोघांत वाटलेलं असतं. रिले करंटवर नजर ठेवतो आणि ठरवतो. ब्रेकर त्याचा हुकूम पाळून लाईन तोडतो. रिलेला दोन गोष्टी सांगून ठेवाव्या लागतात. किती करंटला जागं व्हायचं, आणि जागं झाल्यावर किती वेळ थांबून तोडायचं. पहिल्याला प्लग सेटिंग म्हणतात, दुसऱ्याला टाइम मल्टिप्लायर. वेळेचं महत्त्व असं, की गल्लीतलं भांडण गल्लीतच मिटावं, तालुक्याला जाऊ नये. शेतातल्या लाईनवर फॉल्ट झाला तर त्याच लाईनचा ब्रेकर आधी पडला पाहिजे. त्याच्या वरचा ब्रेकर थोडा वेळ थांबेल, त्याच्याही वरचा आणखी थोडा. म्हणजे कोणताही आकडा एकटा नसतो. तो खालच्या आणि वरच्या आकड्याचा हात धरून उभा असतो. एकाने हात सोडला की सगळी रांग कोलमडते.

आता इतिहास. दुसऱ्याने लावलेल्या संरक्षणाला हात लावण्याचा मोह विजेहून जुना आहे. तो वाफेच्या काळापासूनचा. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन' नावाचं एक इंजिन होतं. १७ जून १८३१ रोजी त्याच्या बॉयलरचा स्फोट झाला. कारण काय? सेफ्टी व्हॉल्व्हमधून सुटणाऱ्या वाफेच्या फुसफुसाटाचा फायरमनला त्रास होत होता, म्हणून त्याने व्हॉल्व्ह दाबून बंद केला. आवाज थांबला, आणि थोड्याच वेळात बॉयलर फुटला. फायरमन त्यातच गेला. त्या काळी इंजिनात थोडा जास्त जोर यावा म्हणून व्हॉल्व्हची दांडी दाबून ठेवणं ही ड्रायव्हर लोकांची सर्रास सवय होती. इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम या इंजिनिअरने १८५५ च्या सुमारास यावर मोठा मार्मिक उपाय काढला. त्याने दोन व्हॉल्व्ह एकाच स्प्रिंगने आणि दांडीने असे जोडले की एक दाबायला जावं तर दुसरा मोकळा होतो. उपदेश करून माणूस सुधारणार नाही हे ओळखून त्याने यंत्रच असं केलं की छेडछाड करता येऊ नये.

आपल्याकडे हे कायद्यात आलं. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्यात सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड करून तो मंजूर दाबाला निकामी करणं हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवला गेला. लातूरच्या मांजरा कारखान्यापासून नांदेडच्या भाऊराव चव्हाण कारखान्यापर्यंत मराठवाड्यात जिथे जिथे ऊस गाळला जातो तिथे तिथे बॉयलर आहे, आणि बॉयलरवरच्या माणसाला हे पक्कं ठाऊक असतं की व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. गंमत अशी की त्याच कारखान्याच्या स्विचयार्डात रिले असतो. तो तेच काम करतो, पण त्याच्याभोवती अशी भीती नाही. कारण सरळ आहे. व्हॉल्व्ह दाबला तर दाबणारा मरतो. रिलेचं सेटिंग वाढवलं तर बदलणारा खुर्चीत सुरक्षित असतो. मरतो तो दहा किलोमीटर लांबचा, ज्याला रिले हा शब्दही माहीत नसतो.

मराठवाड्यात वीज उशिरा आली हे वेगळं सांगायला नको. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, म्हणजे आपलं एमएसईबी, स्थापन झालं. परळीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ चा, अवघा ३० मेगावॅटचा. (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका, स्वतंत्र जिल्हा झाला १९८२ साली.) लगेच १९७२ चा दुष्काळ आला आणि विहिरीवर मोटर हा चैनीचा नव्हे तर जगण्याचा प्रश्न झाला. पुढच्या वीस-तीस वर्षांत पंपांसाठी ११ केव्हीच्या लाईनी रानोमाळ पसरल्या. डोंगर, काळी माती, मुरूम, सगळ्यावरून.

त्या काळातले रिले म्हणजे काळ्या पेटीतली फिरती चकती. पुढे काच. आत भोकांत बसवायचा प्लग आणि शून्य ते एक असे आकडे असलेली छोटी तबकडी. काचेच्या झाकणाला सील. सेटिंग ठरवायचं आणि लावायचं काम टेस्टिंगवाल्यांचं. ते आपली जड पेटी घेऊन यायचे, करंट सोडून चकती फिरवून बघायचे, वेळ मोजायचे, आकडा रजिस्टरला लिहायचे, सही करायचे, झाकण लावून सील करायचे आणि पुढच्या उपकेंद्राला जायचे. ते सील हातानेही तुटण्यासारखं असे, पण त्याचा अर्थ मोठा होता. ते सांगायचं की या आकड्यामागे एका माणसाने विचार केला आहे, तो माणूस आत्ता इथे नाही, पण त्याची सही इथे आहे.

आता व्यवसायनीतीकडे येऊ. इंजिनिअर लोकांच्या आचारसंहिता जुन्या आहेत. अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने १९१२ साली आपली संहिता केली, आणि त्यात मालकाचं किंवा ग्राहकाचं हित जपणं हे अभियंत्याचं पहिलं कर्तव्य मानलं होतं. पुढे १९४७ च्या सुमारास तिथल्या सर्व शाखांच्या अभियंत्यांसाठी जी तत्त्वं ठरली त्यात आपल्या विषयाचं एक कलम आहे. आशय असा, की एकाच ग्राहकाकडे दुसऱ्या अभियंत्याने केलेलं काम त्याला कळवल्याशिवाय तपासायला घेऊ नये. अपवाद फक्त त्याचा त्या कामाशी संबंध संपला असेल तर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कलम जातभाईंनी एकमेकांची लाज झाकण्यासाठी केल्यासारखं वाटलं. वकील वकिलाविरुद्ध बोलत नाही, डॉक्टर डॉक्टरविरुद्ध बोलत नाही, तसंच हे.

पण १९७४ साली त्याच परंपरेतल्या संहितेत मोठा बदल झाला. लोकांची सुरक्षितता, आरोग्य आणि कल्याण हे सर्वांत वर ठेवलं गेलं, मालक त्यानंतर. एकदा हे मान्य केलं की ते जुनं कलम वेगळं दिसायला लागतं. दुसऱ्या इंजिनिअरला विचारायचं ते त्याचा मान राखण्यासाठी नाही, त्याला जे माहीत आहे ते आपल्याला माहीत नाही म्हणून. कुणीतरी एका रिलेला ०.१ लावला तेव्हा त्याच्यासमोर काय होतं? लाईनची लांबी, तारेची जाडी, शेवटच्या टोकाला फॉल्ट झाला तर किती करंट येईल, वरच्या उपकेंद्रात काय लावलं आहे... हे सगळं त्या एका आकड्यात गोठवलेलं असतं. आकडा दिसतो, कारण दिसत नाही. न विचारता आकडा बदलणं म्हणजे न वाचलेल्या पत्राला उत्तर लिहिणं.

इथपर्यंत कुणी म्हणेल, मग सोपं आहे, हात लावूच नये! पण तेही खरं नाही. त्यासाठी ९ नोव्हेंबर १९६५ ची संध्याकाळ बघावी लागेल. कॅनडात नायगाराजवळच्या सर अॅडम बेक केंद्रातून टोरांटोच्या दिशेने पाच लाईनी जात होत्या. त्यातल्या एकीवर मागच्या फळीतला एक रिले होता. १९६३ साली त्याला साधारण ३७५ मेगावॅटला तोडायचं सेटिंग दिलेलं होतं. तेव्हा ते योग्यच होतं, लाईनवर तेवढा भार येत नव्हता. पुढच्या अडीच-पावणेतीन वर्षांत भार वाढत गेला. सेटिंग तिथेच राहिलं. कंट्रोल रूममधल्या लोकांना तो आकडा माहीतच नव्हता. त्या संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास भार त्या आकड्याला टेकला आणि रिलेने आपलं काम चोख केलं, लाईन तोडली. तिचा भार उरलेल्या चौघींवर गेला, त्याही पाठोपाठ गेल्या. पुढच्या काही मिनिटांत न्यूयॉर्कसह सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले, काही ठिकाणी तेरा तासांपर्यंत.

इथे कुणी कुणाचं सेटिंग बदललं नव्हतं. कुणी बदललं नाही, हाच तर घोळ होता! म्हणजे दुसऱ्याने लावलेला आकडा पवित्र मानून त्याची पूजा करणं हाही धर्म नव्हे. लाईन बदलली, भार बदलला, की आकडा शिळा होतो. तेव्हा प्रश्न 'बदलावं की नाही' असा नाहीच. कुणी बदलावं, कुणाला विचारून बदलावं आणि कुणाला सांगून बदलावं, हा प्रश्न आहे.

आता पुन्हा नांदेड-लातूरला येऊ, कारण हा प्रश्न माझ्या मते सगळ्यात कठीण होतो तो इथेच, भारनियमनाच्या वर्षांत. २००० नंतरचं ते दशक आठवा. २००१ साली दाभोळचा एन्रॉन बंद पडलेला, राज्यात वीज पुरत नव्हती, आणि ग्रामीण भागात दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची. शेतीला वीज यायची ती रात्री-अपरात्री. आता एका शेतकऱ्याच्या जागी उभे राहा. वीज रात्री दोनला येणार. अंधारात बांधावरून चालत विहिरीपर्यंत जायचं, साप-विंचवाची भीती. आला नाही तर पाळी गेली, पीक वाळलं. त्याने काय केलं? स्टार्टरला ऑटो स्विच लावला. वीज आली की मोटर आपोआप चालू. यात वाईट काय आहे? त्याच्या बाजूने बघितलं तर काहीच नाही.

पण एका लाईनवर शंभर मोटरी असतील आणि शंभरांनाही ऑटो स्विच असेल तर वीज आल्या क्षणी सगळ्या एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. उपकेंद्रातल्या रिलेला वाटतं फॉल्ट झाला. लाईन पडते. ऑपरेटर पुन्हा चालू करतो. पुन्हा पडते. त्यात ज्या विहिरीवर ३ एचपीची मंजुरी होती तिथे पाणी खोल गेल्यावर ५ किंवा साडेसातची मोटर आलेली. मंजूर भार कागदावर, खरा भार तारेवर.

मग साखळी सुरू होते. शेतकऱ्याच्या स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले सारखा पडतो, म्हणून गावचा मोटर मेकॅनिक तो बायपास करतो. दोन फेजवर मोटर चालू नये म्हणून बसवलेला प्रिव्हेंटर काढला जातो, कंडेन्सर लावून तीन फेजची मोटर दोन फेजवर ओढली जाते. डीपीवरचा फ्यूज सारखा उडतो, म्हणून किटकॅटमध्ये ठरलेल्या तारेऐवजी अॅल्युमिनियमचा जाड पदर पिळून घातला जातो. आणि शेवटी उपकेंद्रात, जिथे दीडशे माणसं 'फीडर का टिकत नाही' म्हणून जाब विचारायला आलेली असतात, तिथे कुणीतरी रिलेचं झाकण उघडतं.

या साखळीत एकही जण दुष्ट नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. शेतकरी पीक वाचवतोय, मेकॅनिक गिऱ्हाईक सांभाळतोय, वायरमन रात्रीतून चौथ्यांदा डीपीवर चढायला कंटाळलाय, आणि कनिष्ठ अभियंता जमाव शांत करतोय. प्रत्येकाने फक्त आपल्या पुढ्यातलं संरक्षण थोडंसं सैल केलं. प्रत्येकाने दुसऱ्या कुणाचातरी विचार, न विचारता, खोडला.

त्याचा परिणाम आकड्यांत दाखवतो, म्हणजे हे नुसतं प्रवचन वाटणार नाही. समजा ११ केव्ही फीडरच्या रिलेला प्लग १०० टक्के आणि टाइम मल्टिप्लायर ०.१ आहे. त्याच्या सेटिंगच्या दहापट फॉल्ट करंट आला तर नेहमीच्या आयडीएमटी वक्राप्रमाणे तो ०.३० सेकंदात तोडेल. वर त्याच उपकेंद्राचा इनकमर आहे. त्याच्या स्वतःच्या सेटिंगच्या हिशेबाने तोच करंट पाचपट दिसतो आणि त्याचा मल्टिप्लायर ०.२ आहे. तो ०.८६ सेकंदात तोडेल. दोघांत अर्ध्या सेकंदाहून जास्त अंतर आहे. म्हणजे फीडर आधी पडणार, इनकमर शांत राहणार. उत्तम. आता फीडर टिकत नाही म्हणून कुणी प्लग १५० टक्के केला आणि मल्टिप्लायर ०.२५. तोच फॉल्ट आता त्या रिलेला दहापटीऐवजी पावणेसातपटीच्या आसपास दिसतो आणि तो ०.९० सेकंद घेतो. इनकमर अजूनही ०.८६ लाच तोडणार. झालं! रांग उलटी झाली. एका शेतात तारेला तार लागली आणि त्या उपकेंद्रावरची सगळी गावं अंधारात, पाणीपुरवठा बंद, दवाखाना बंद. आणि सगळे शिव्या देणार इनकमरला, ज्याने काहीच चूक केली नव्हती.

पण हे तरी परवडलं. अंधार जातो, वीज परत येते. खरी भीती दुसरीकडे आहे. लाईनच्या शेवटच्या टोकाला, उपकेंद्रापासून लांब, एखादी तार तुटून जमिनीवर पडते. उन्हाळ्यात आपल्याकडची जमीन कोरडी ठक्क असते, काळी माती भेगाळलेली असते. तारेतून जमिनीत जाणारा करंट थोडाच असतो. मूळ सेटिंगलाही तो कळणं कठीण. म्हणून तर अर्थ फॉल्टचा रिले शक्य तितका तरल ठेवतात. तोच आकडा कुणी दुप्पट केला असेल, तर रिलेला ती तार दिसतच नाही. ती जिवंत पडून राहते. सकाळी कुणीतरी बैल घेऊन, कुणीतरी शाळेचं दप्तर घेऊन त्या वाटेने येतं.

मग अपघाताची खबर चोवीस तासांत विद्युत निरीक्षकाकडे जाते, चौकशी होते, पंचनामा होतो. तार का तुटली हे विचारलं जातं. तार पडल्यावर लाईन का पडली नाही, हेही विचारलं गेलं पाहिजे. त्याचं उत्तर रिलेच्या काचेमागे असतं. पण आकडा कधी आणि कुणी बदलला हे रजिस्टरला नसेल, तर उत्तर कुणाकडेच नसतं. मूळ सही असलेला माणूस म्हणतो, मी ०.१ लावला होता. नंतरचा म्हणतो, मी आलो तेव्हा असाच होता. दोघेही कदाचित खरं बोलत असतात. मधला एक माणूस कुठेच नोंदलेला नाही.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. २००३ च्या वीज कायद्यानंतर ६ जून २००५ ला मंडळाचं विभाजन झालं. निर्मिती, पारेषण, वितरण अशा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. त्यात बरोबर काय, चूक काय, तो वेगळा विषय. आपल्या मुद्द्यापुरतं एवढंच, की १३२ केव्हीचं उपकेंद्र एका कंपनीचं आणि तिथून निघणारी ३३ केव्हीची लाईन दुसऱ्या कंपनीची झाली. जे आकडे एकमेकांचा हात धरून उभे होते त्यांच्या मधून हद्दीची रेघ गेली. पूर्वी टेस्टिंगमधला माणूस एकाच मंडळाचा होता, जेवणाच्या डब्यावर बोलणं व्हायचं. आता त्यासाठी पत्र लागतं. पत्राला वेळ लागतो आणि जमाव गेटवर असतो.

देशाच्या पातळीवर या प्रश्नाची जाग आली ती २०१२ साली. ३० जुलैला पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाईन पडली आणि पाठोपाठ उत्तरेचं सगळं ग्रिड. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, आणि या वेळी पूर्व आणि ईशान्य भारतही. साठ कोटींच्या आसपास लोकांना त्याची झळ बसली. आपलं पश्चिमेचं ग्रिड तगलं, म्हणून नांदेड-लातूरकरांना ते पेपरातच वाचायला मिळालं. त्या लाईनवर फॉल्ट नव्हता. अतोनात भार आणि पडलेला व्होल्टेज यांमुळे डिस्टन्स रिलेच्या तिसऱ्या झोनला, म्हणजे लांबवर नजर ठेवणाऱ्या राखीव झोनला, तो भारच फॉल्ट वाटला. १९६५ चीच गोष्ट सत्तेचाळीस वर्षांनी! त्यानंतर चौकशी समिती झाली, देशभर संरक्षणाच्या ऑडिटची आणि सेटिंग एकत्र नोंदवण्याची भाषा सुरू झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ग्रिड संहितेत तर संरक्षणाचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यानुसार सेटिंग बदलायचं तर प्रादेशिक वीज समितीची मान्यता घ्यायची, केलेला बदल कळवायचा, दरवर्षी स्वतः ऑडिट करायचं आणि पाच वर्षांतून एकदा बाहेरच्याकडून करून घ्यायचं.

हे सगळं छानच झालं. पण हा पहारा आपल्या भागात २२० केव्ही आणि त्यावरच्या जाळ्यासाठी आहे. शेतकरी राहतो ११ केव्हीवर. तिथे इतक्या बारकाईने बघणारं कुणी नाही. तिथे नियमाच्या जागी फक्त त्या खोलीतला माणूस आहे, रात्रीचा, बहुधा एकटा. म्हणून व्यवसायनीती हा शब्द मला मोठमोठ्या परिषदांपेक्षा त्या खोलीत जास्त खरा वाटतो.

आता चकतीचे रिले जाऊन आकडेमोडीचे, न्यूमेरिकल रिले आले. त्यांना पासवर्ड असतो. (तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पॅनलच्या दाराला आतून चिकटवलेलाही मी पाहिला आहे. कुठे ते विचारू नका!) ते घडलेल्या घटनांची वेळेसकट नोंद ठेवतात. रॅम्सबॉटमच्या व्हॉल्व्हसारखंच हे. माणूस बदलत नाही म्हणून यंत्र बदललं. पण यंत्र फार तर हे सांगेल की अमुक वाजता आकडा बदलला. का बदलला हे ते सांगू शकत नाही. ते माणसालाच लिहावं लागतं.

मग त्या रात्रीच्या माणसाने करायचं काय? मला विचाराल तर त्याला 'हात लावू नकोस' एवढंच सांगणं हा अन्याय आहे. दवाखान्याची लाईन पडत असेल आणि कारण स्पष्ट दिसत असेल, तर काही वेळा आकडा बदलावाच लागेल. पण त्याआधी ज्याचा आकडा आहे त्याला फोन करावा. तो नसेल तर त्याच्या जागी जो असेल त्याला. जुना आकडा, नवा आकडा, वेळ, कारण आणि स्वतःचं नाव रजिस्टरला लिहावं. वरच्या उपकेंद्राला कळवावं. आणि सकाळी तो आकडा परत जागेवर येईल किंवा नीट हिशेब करून कायमचा बदलेल, याची तजवीज करूनच घरी जावं. लपवून केलेला बरोबर बदलसुद्धा घातकच, कारण पुढचा माणूस खोट्या नकाशावर चालतो.

पण ही अर्धी नीती झाली. उरलेली अर्धी पहिल्या इंजिनिअरची आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सही करून सील मारून गेलेल्या माणसाने आकड्याशेजारी कारण लिहिलं होतं का? 'भार इतका वाढला तर हा आकडा पुन्हा बघावा' असं एक वाक्य तरी? रात्री अकरा वाजता त्याचा फोन लागतो का? आपलं सेटिंग बदललं म्हणून चिडणारे बरेच भेटतात. आपल्या सेटिंगमागचा विचार एका कागदावर ठेवून जाणारे कमी. ज्याने कारण लिहून ठेवलं नाही त्याने पुढच्या माणसाला अंधारात सोडलं, आणि मग तो चाचपडला म्हणून त्याच्यावर रागावण्याचा अधिकार थोडा कमी होतो, असं मला वाटतं.

हे फक्त विजेचं आहे असंही नाही. आपण सगळेच दुसऱ्यांनी लावलेल्या सेटिंगमध्ये राहतो. शेताचा बांध, पाण्याची पाळी, घरातल्या रीती. यातलं बरंच शिळं झालेलं असतं, बदलायलाच हवं असतं. पण बांध फोडण्याआधी वरच्या अंगाला कुणाचं रान आहे आणि खालच्या अंगाला कुणाचं, हे बघायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. बघत नाही त्याला गाव नावं ठेवतं.

असो. ऑटो स्विच काढा म्हणून महावितरण शेतकऱ्यांना अजूनही सांगत असतं, आणि रात्रीचा शेतकरी अजूनही तो लावत असतो. त्याला दिवसा वीज मिळाली तर तो आपणहून काढेल, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तोवर उपकेंद्रातल्या त्या खोलीत एक जाड रजिस्टर असलं पाहिजे, त्यात पान कोरं नसलं पाहिजे, आणि शेजारी पेन चालतं असलं पाहिजे.